पान 14 वरच्या प्राध्यापकाचं मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

खात्याचं नाव लिहीत नाही, कॉलेजचं पण नाही. लिहिलं की आमच्या प्राचार्यांना फोन येतो आणि ते बिचारे मला केबिनमध्ये बोलवून चहा पाजून गप्प बसवतात. पण तुम्हाला कळेल. सोलापूरचं लॉ कॉलेज, फेब्रुवारीतला गुणगौरव समारंभ, आता होटगी रोडवर विमान उतरतं तरी तुम्ही दोन तास उशिरा आलात, तोच.

त्या दिवशी तुम्ही स्टेजवरून "गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णु" म्हणालात आणि पुढं म्हणालात, दोन महिन्यांत जागा भरतो, इथं तासिकेवरचा, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे मिळणारा, एकही शिक्षक राहणार नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो, पहिली टाळी माझीच. आता परवा व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय, यंदा वर्कलोड कमी आहे, नव्यानं मुलाखत द्या, जमल्यास बघू. म्हणजे साहेब तुमचा शब्द खरा झाला की वो, तासिकेवरचा शिक्षक खरंच राहणार नाही.

ही माझी दहावी मुलाखत. नऊ वर्षं जे माझ्या शेजारी बसून पेपर तपासतात तेच समोर बसून विचारतात, "आपला अनुभव किती?"

त्या समारंभात एक चकचकीत पुस्तिका वाटली होती, तुमच्या हस्ते प्रकाशन झालं, तुम्ही ती उलटी धरली होती पण जाऊ द्या. पान 14 उघडा. "प्राध्यापकांची भरारी" खाली माझा फोटो आहे. पीएचडी पूर्ण, दोन शोधनिबंध, मूट कोर्ट म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धा, त्या संघाचे मार्गदर्शक. कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची कमिटी आली तेव्हा पण मी फॅकल्टी होतो, गळ्यात आयकार्ड, सोबत कोट घालून या अशी सूचना. कमिटी गेली, आयकार्ड परत घेतलं. पगारपत्रकात मात्र मी कुठंच नाही, तिथं व्हाउचर असतं. अहवालाला मी प्राध्यापक आणि पैशाला पाहुणा, हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा, मी फक्त कायदा शिकलोय.

माझी पीएचडी कशावर आहे माहितीये का? तुम्ही माझ्या गळ्यात शाल घालताना विचारलं होतं, पण उत्तर ऐकायच्या आत फोटोग्राफरकडं वळलात. ती 1966 च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यावर आहे. माझी आई बिड्या वळायची. कारखान्यातनं पानं, तंबाखू, सूत आणायची, घरी रात्री दहापर्यंत सूप मांडीवर, सकाळी माल द्यायला लाइन. हजार बिड्यांमागं मजुरी, आणि त्यातल्या मापात बसल्या नाहीत त्या बाजूला, त्याचे पैसे नाहीत. तर त्या कायद्यानं काय केलं, घरी बसून वळणाऱ्या बाईलाही "कामगार" म्हटलं. मालकांनी आव्हान दिलं, 1974 ला मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा टिकवला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड आले आणि तो कायदा त्यात विरघळला, म्हणजे मी ज्यावर सहा वर्षं घालवली तो विषयच इतिहासजमा. असो. पण मला सांगा, 1966 साली घरातल्या बाईला कामगार म्हणता आलं आणि मला, जो वर्गात उभा राहून फळ्यावर लिहितो, त्याला अजून कुणी काहीच म्हणत नाही? आई हजारावर, मी तासावर. एका पिढीत एवढीच प्रगती झाली आमच्या घरात.

हिशोब पण ऐका. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2019 ला सांगितलं, पाहुण्या शिक्षकाला तासाला 1500, महिन्याला 50000 पर्यंत. मला आठवड्याला नऊ तासिका, दिवाळी नाही, उन्हाळा नाही, परीक्षेचा महिना नाही. गेल्या वर्षी सगळं मिळून 1,98,000 हातात आले, ते पण दोन हप्त्यांत, दुसरा मार्च उलटल्यावर. महिन्याला साडेसोळा हजार पडतात. त्या समारंभाच्या मंडपाचं बिल यापेक्षा जास्त होतं असं मंडपवाला म्हणतो, खरंखोटं त्याला माहीत. बायको विचारते तुम्ही डॉक्टर झाला ना, मग काय झालं. काय सांगू तिला.

आणि तो श्लोक. 22 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या केसमध्ये निकाल दिला, समान कामाला समान वेतन, आणि वर असंही सुनावलं की समारंभात गुरुर्ब्रह्मा म्हणत राहणं पुरेसं नाही, ते शिक्षकांना देश कसं वागवतो त्यात दिसलं पाहिजे. नेमका हाच श्लोक! तुमचं भाषण लिहिणाऱ्यानं निकाल वाचला असता तर निदान दुसरा श्लोक तरी शोधला असता. त्याआधी 2016 ला पंजाबच्या जगजीतसिंग केसमध्ये पण हेच तत्त्व होतं. मी दोन्ही वर्गात शिकवतो. मागच्या बाकावरची पोरं माझ्याकडं बघतात आणि हसू दाबतात.

1 जुलै 2024 ला तिन्ही फौजदारी कायदे बदलले तेव्हा खुनाच्या 302 ची 103 झाली, फसवणुकीच्या 420 ची 318 झाली, सगळ्या नोट्स रद्दी. नवी पुस्तकं मी खिशातनं घेतली कारण लायब्ररीचं बजेट "प्रक्रियेत" होतं. फसवणुकीचं कलम बदललं पण स्टेजवरच्या आश्वासनाला अजून कुठलंच लागत नाही, तेवढी दुरुस्ती करून टाका.

आमची मूटची टीम पुण्यात दुसरी आली, तेही तुमच्या पुस्तिकेत आहे, पान 9. तीन पोरं, त्यातली एक विडी घरकुलातली, म्हणजे बिडी कामगारांच्या वसाहतीतली, घरी तेलुगू, कॉलेजात मराठी आणि जजसमोर इंग्रजी. हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो, तिकिटं मी काढली. या गाडीचं नाव ज्यांच्यावरनं आहे त्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, हे मी तिला गाडीत सांगत होतो तर ती म्हणाली सर, त्यांच्या खटल्यावर पण पेपर लिहायचा का. ही पोरगी दुसऱ्या गावात असती तर! नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी मुंबईला, नागपूरला, संभाजीनगरला. आमच्या वाट्याला ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आलं, त्याचा आनंद आहेच, पण तिथं इंटर्नशिपला जायचं तर राहायचं कुठं, खायचं काय. त्यात आता न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षं वकिली पाहिजे, बिनपगारी ज्युनिअर राहून बिडी कामगाराची पोर तीन वर्षं कशी काढणार, हे कुणी विचारलं का कुणाला? मुंबईत बसून नियम करायचे आणि आमच्याकडं येऊन हार घालायचे.

मागणं तसं थोडं आहे. नेमणूक पूर्ण वर्षाची द्या, पैसे त्या त्या महिन्यात द्या, आणि भरतीची जाहिरात काढा. नाहीच जमलं तर पान 14 वरनं माझा फोटो तरी काढा.

परवा रात्री त्या पोरीचा फोन आला, "सर, पुढच्या मूटला तुम्हीच आहात ना?" मी म्हटलं मंत्र्यांना विचारून सांगतो. म्हणून हे पत्र.

तुम्ही घातलेली शाल कुरिअरनं परत पाठवतोय. चादरीच्या गावात येऊन पॉलिस्टरची दिली होती, तेव्हा बोललो नाही. नारळ मात्र परत येणार नाही, त्याची चटणी झाली.

आपला,
फॅकल्टी (पान 14), सोलापूर