तुझा उजेड आणि बाबांची गोळी

पंचवटी, नाशिक
मंगळवार रात्र

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले असते. पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि तिकडे मधुराला खुणा करतोस, हे मला इथे बसून कळतं. म्हणून लिहिते. एकाच डोळ्याने लिहितेय, ओळी वरखाली झाल्या तर चालवून घे. अजून दोन आठवडे धूळ नको आणि प्रवास नको असं डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तू बाबांना हंपीला नेतोयस त्या प्रवासात दोन्ही आलं. बाबा शुक्रवारच्या शिवाई बसने एकटेच निघतील. पुण्याच्या नाशिक फाट्याला तू स्वतः ये, ड्रायव्हरला पाठवू नकोस.

उपदेश करणार नाही. फक्त बॅगेबद्दल लिहायचं आहे.

मधुराकडून कळलं, कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या, तीन लेन्स, ट्रायपॉड आणि लॅपटॉप असं सगळं काढून ठेवलंयस. वजन केलंस का? एकेक बॉडी बॅटरीसकट पाऊण किलोच्या घरात. २४-७० मिमीची जाडी लेन्स आठ-नऊशे ग्रॅम, ७०-२०० जवळजवळ दीड किलो. ट्रायपॉड हेडसकट पावणेदोन, लॅपटॉप चार्जरसकट तितकाच आणि रिकामी बॅगच दीड किलो. तिसरी लेन्स धरली की नऊ किलो होतात, आणि यात पाण्याची बाटलीसुद्धा आलेली नाही. एवढं पाठीवर घेतलेला माणूस दुपारी बारानंतर कोणाला हात देत नाही. त्यालाच टेकायला दगड हवा असतो.

एक बॉडी ने आणि ३५ मिमीची छोटी लेन्स, एफ/१.८ किंवा एफ/२ ची (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). तिचं वजन ३०० ते ३५० ग्रॅम. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी नेलीस तर २३ मिमी, दोन्हींत दृश्य तेवढंच येतं. सोबत दोन जादा बॅटऱ्या, ६४ जीबीची दोन कार्डं, एक धूळ उडवायचा हवेचा फुगा, एक मऊ फडकं. हे सगळं सव्वा किलोच्या आसपास बसतं. कॅमेऱ्याची बॅगही नको. कपाटात माझी जुनी शबनम आहे ती बाबांबरोबर पाठवते, तळाला टर्किश नॅपकिनची घडी घाल. पट्टा मात्र रुंद घे आणि आडवा घाल. गळ्यात लोंबणारा कॅमेरा वाकलं की दगडावर आपटतो, आणि लहानग्या ओवीसाठी तुला दिवसातून पन्नास वेळा वाकायचं आहे.

एकच लेन्स म्हणजे बदलायची भानगड नाही. हंपीत पाऊलवाटांवर भुसभुशीत माती असते, वारा सुटला की बॉडी उघडी ठेवलेल्या पाच सेकंदांतही सेन्सरवर कण बसतो. तो एफ/४ ला दिसत नाही, एफ/११ ला आकाशात काळा ठिपका होऊन प्रत्येक फोटोत येतो. आणि लेन्सवर धूळ दिसली की आधी फुग्याने उडव, मगच फडकं लाव. कोरड्या धुळीवर फडकं घासणं म्हणजे कोटिंगवर वाळूचा कागद फिरवणं.

दुसरं कारण अंतराचं. २०० मिमीतून उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवायचा तर दहा-अकरा मीटर मागे जावं लागतं. ३५ मिमीत दोन मीटर पुरतात. दहा मीटरवरून बाबांच्या कपाळावरचा घाम दिसत नाही. लेन्समधून दिसेल म्हणशील. दिसेल, पण हात पोचणार नाही.

बघ, तिथेच आले. भंडारदऱ्याचं पुन्हा काढणार नव्हते. पण तुला एक गोष्ट त्या वेळी कोणी सांगितली नाही, आणि ती न सांगणारी मीच. त्या सकाळी तू धुकं उठायची वाट बघत दीड तास ट्रायपॉडपाशी उभा होतास. बाबा तुझ्यावर ओरडले, तू त्यांना बोललास, ते गाडीत जाऊन बसले. मी गेले तर सदरा ओला आणि हात थरथरत होते. सवयीने सातला मधुमेहाची गोळी घेतली होती आणि नाश्ता "तुझं झाल्यावर सगळे मिळून" म्हणून राहिला होता. त्या गोळीचं तसंच आहे, घेतली आणि पोटात काही गेलं नाही की साखर खाली येते. घाम, कंप आणि चिडचिड. चिडचिड हेसुद्धा लक्षणच, निनाद. तू ते स्वभावावर घेतलंस. निम्मा स्वभाव आहेच, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी निम्मी साखर होती. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले आणि सहा आठवडे तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलताय. चूक माझी.

म्हणून वेळेचं नीट ऐक. जानेवारीत तिथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. तुला मातंग टेकडीवर जायचं असणार, सगळे जातात. तू एकटा जा, बाबांना नेऊ नकोस. पायऱ्या उंचसखल आहेत आणि अंधारात चढायच्या आहेत. बाबा "येतो की" म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस. त्यांना संध्याकाळी हेमकूटावर ने. विरुपाक्ष मंदिराच्या शेजारीच सरळ चढाचा कातळ आहे, छोटी देवळं आहेत, टेकायला दगड आहेत आणि गोपुर समोर दिसतं. उजेड तोच, फक्त दुसऱ्या बाजूने. एखाद्या सकाळी सगळेच बाहेर पडलात तर गोळी नाश्त्याबरोबरच, आधी नाही. थर्मासमध्ये दूध आणि डब्यात दशम्या. केळी पिशवीच्या आत ठेव, वर दिसली की माकडं नेतील.

शबनमच्या बाहेरच्या कप्प्यात साखर मोजायचं यंत्र आणि ग्लुकोजचा डबा ठेवते. घाम-कंप दिसला की मोजायचं. ७० च्या खाली असेल तर तीन भरगच्च चमचे, म्हणजे १५ ग्रॅम ग्लुकोज, अर्धा पेला पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तरी खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की काहीतरी खायला द्यायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. लाडूही त्या क्षणी नको, नंतर. आणि माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. मधुराला हे पाठ आहे. पण तुलाही यावं.

झालं. आता फोटोंचंच लिहिते.

कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेव (छिद्र आपण ठरवायचं, शटर तो ठरवतो), बाहेर एफ/५.६ ते एफ/८. ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) लाव, वरची मर्यादा ६४००, आणि कमीत कमी शटर १/२५० सेकंद बांधून टाक. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. मग मंडपाच्या सावलीत कॅमेरा स्वतःच १/३० वर उतरतो आणि पळणारी ओवी पुसून जाते. थोडे दाणे आले तर येऊ देत, हललेला चेहरा कशानेच सुधारत नाही. बाबांचा पांढरा सदरा उन्हात असेल तर एक्स्पोजर उणे ०.७ कर, नाहीतर सदऱ्याच्या चुण्या जातात आणि नुसता पांढरा डाग उरतो. मी मेनरोडवरच्या स्टुडिओत बावीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल चालवली, डोळ्यांखालच्या छाया काढता येत, पण जळालेल्या पांढऱ्यात चूण आणता येत नसे. डिजिटलमध्येही येत नाही.

दुपारी ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या जागी खळगे दिसतात. तेव्हा माणसांना मंडपाच्या सावलीत घे, पण आत खोल नाही. सावलीच्या रेषेपासून दोन हात आत, तोंड बाहेर. समोरची ग्रॅनाइटची फरशी उजेड वर फेकते आणि चेहरा खालून उजळतो, मागचे खांब काळोखात जातात. स्टुडिओत यासाठी आम्ही थर्मोकोल धरून उभ्या राहायचो. बाबांच्या चष्म्यावर चकाकी आली तर काड्या कानावरून अर्धा बोट वर उचलून ठेवायला सांग. काचा खाली झुकतात, चकाकी जाते. फोनने ग्रुप काढशील तर बाबांना कडेला उभं करू नकोस. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, कडेचे चेहरे ताणले जातात. ते नेहमी आपणहून कडेला जातात, धरून मध्ये आण.

ट्रायपॉड घरी ठेव. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तो परवानगीशिवाय चालतही नाही. त्याऐवजी मी एक थैली शिवलीय, रिकामी पाठवते. तिथे पाव किलो तांदूळ घेऊन भर, कट्ट्यावर ठेव, वर कॅमेरा दाबून बसव. १० सेकंदांचा टायमर आणि लागोपाठ पाच फोटो, कारण एकात कोणीतरी डोळे मिटतंच. आणि त्यात तू असायला हवास. अल्बममध्ये तुझ्या लग्नानंतर तू कुठेच नाहीस, नुसती सावली दिसते कधीतरी, पायाशी पडलेली.

लॅपटॉप कशाला? रात्री हॉटेलवर फोटो चाळत बसायला. ४ बाय ६ इंची प्रत ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. ८ बाय १२ लाही नऊ मेगापिक्सेल खूप झाले. एक दिवस एक कार्ड, दुसऱ्या दिवशी दुसरं, आणि हॉटेलच्या खोलीत दोन्ही एकाच पिशवीत नकोत. माझ्यासाठी तीस फोटो निवड. मूळ फाईल दे, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो पाठवला की आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठव. बाबांच्या जुन्या क्लिक-थ्री कॅमेऱ्यात एका रोलला बाराच यायचे. सप्तशृंगीच्या पायरीवर तू त्यांच्या खांद्यावर आहेस, तो त्यातलाच अकरावा. बारावा काढायला ते थांबले नाहीत, तुला भूक लागली होती.

विठ्ठल मंदिरापाशी गाड्या लांब थांबवतात, पुढे बॅटरीच्या गाडीने जायचं. रांग असली तरी थांब, चालत नेऊ नकोस. दगडी रथासमोर बाबा हाच रथ छापलेली पन्नासची नोट काढणार, हे आत्ताच लिहून देते. ती २०१७ साली आली, नोटांच्या छापखान्यातून ते निवृत्त झाल्यानंतर, आणि "आमच्या प्रेसमध्ये असताना असती तर" हे तुला ऐकावं लागेल. ऐक. तो फोटो कॅमेऱ्याने काढायला जाऊ नकोस, नोट स्पष्ट आली की मागचा रथ पुसट होतो, एफ/१६ लाही पुरता साधत नाही. फोनचा सेन्सर लहान, त्यात दोन्ही बरे येतात. नोट हातभर पुढे धर आणि बोट रथावर टेकव.

मग ते आत जातील. गाभाऱ्यात मूर्ती नाही. भानुदास महाराजांनी इथून विठ्ठल पंढरपूरला परत नेला, ही कथा त्यांनी तुला लहानपणी शंभरदा सांगितलीय. ते त्या रिकाम्या जागेसमोर बराच वेळ उभे राहतील. तेव्हा कॅमेरा खाली ठेव. फार तर एक फोटो, पाठमोरा, शटरचा आवाज बंद करून. घाई करू नकोस.

आणि इथेच माझा जीव अडकलाय. मी पंचांग पाहिलं. तुमच्या तिसऱ्या दिवशी पौष शुद्ध एकादशी आहे. ते उपास सोडणार नाहीत, विठ्ठल मंदिराच्या दिवशी तर नाहीच. भांडू नकोस. डॉक्टरांनी उपासाच्या दिवशीची गोळी वेगळी लिहून दिलीय, कागद यंत्राच्या डबीत आहे. साबुदाण्याने साखर आधी उडते, तो नको. भगर आणि दाण्याचं कूट पाठवतेय, हॉटेलवाल्याला सांगून शिजवून घे, नाहीतर मधुराची छोटी इलेक्ट्रिक किटली आहेच. दर तीन तासांनी काहीतरी पोटात जाऊ दे. त्या दिवशी फोटो कमी काढ. म्हणजे काढ, पण त्यांच्या शेजारी राहून काढ.

पुन्हा उपदेश झाला. तू तुझ्या पगारातून त्यांना हंपीला नेतोयस, ते शेजारच्या काकांना तीन वेळा सांगून झालंय. मला सांगत नाहीत. मी दार लावून ऐकते.

ओवीला विरुपाक्ष मंदिराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत ने. भिंतीतल्या फटीतून गोपुराची उलटी सावली आत पडते, आपल्या जुन्या डबा-कॅमेऱ्यासारखी. तिच्या हातात पांढरा रुमाल दे आणि फटीकडे हळूहळू यायला सांग. गोपुर लहान होत जाईल आणि उजळत जाईल. फोटो काढायचाच तर फोन भिंतीला टेकवून धर आणि चित्रावर बोट दाबून उजेड कुलूपबंद कर, नाहीतर फोन काळोख पांढुरका करून टाकतो. आधी तिला बघू दे मात्र.

बाबांना पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला जायचं आहे, तेव्हा परतीचं लांबवू नकोस.

मधुरास आणि ओवीस आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. यंत्राच्या पट्ट्यांची डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस, उन्हाने पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकीचा दाखवतात. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांशेजारी, नॅपकिनच्या घडीत ठेव. झाकण लगेच लाव.