परवाना हलवण्याची अट विकण्याआधी सांगा

महोदय,

विकत घेतलेले सॉफ्टवेअर जुन्या संगणकावरून नव्यावर नेता येईल की नाही, यावरून ग्राहक आणि कंपन्यांचे वारंवार खटके उडतात. तक्रारी वाढल्या की कंपनी खुलासा करते, अट सैल करते आणि विषय मिटला असे धरले जाते. तो मिटत नाही. अट बदलते ती करारात, गाडी अडते ती अॅक्टिव्हेशनच्या सर्व्हरवर, म्हणजे परवाना तपासून सॉफ्टवेअर सुरू करू देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर.

मायक्रोसॉफ्टवर ही पाळी दोनदा आली. ऑक्टोबर २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या करारात परवाना दुसऱ्या संगणकावर एकदाच नेता येईल असे कलम आले. सुटे भाग जोडून संगणक बांधणाऱ्यांनी आवाज उठवला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच कंपनीने ते मागे घेतले. २०१३ मध्ये ऑफिसचा रिटेल, म्हणजे संगणकापासून वेगळा विकत घेतलेला, परवाना पहिल्याच संगणकाला कायमचा बांधला गेला. पुन्हा तक्रारी झाल्या आणि मार्चमध्ये दुरुस्ती आली: स्वतःच्या दुसऱ्या संगणकावर न्या, पण ९० दिवसांतून एकदाच, हार्डवेअर बिघडले असेल तर त्याआधीही चालेल. या दुरुस्तीत खरा मोलाचा आहे तो हा शेवटचा अपवाद, कारण मदरबोर्ड जळताना ९० दिवस मोजत नाही.

कंपन्यांची बाजू पोकळ आहे असे नाही. परवान्याची एकच ‘की’ (सॉफ्टवेअर सुरू करण्याचा संकेतांक) दहा ठिकाणी चालू लागली तर त्यांचे नुकसान उघड आहे. संगणकासोबत येणारा ओईएम परवाना स्वस्त असतो, तो त्या मशिनपुरताच असतो म्हणून. पण वेगळे पैसे मोजून घेतलेल्या रिटेल परवान्यालाही तीच वेसण घालणे अन्यायाचे आहे.

आपला परवाना कोणता, हे विंडोजमध्ये मिनिटभरात कळते. कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एसएलएमजीआर’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ असे इंग्रजीत (slmgr /dli) टाइप करून एंटर दाबा. छोटी चौकट उघडते. त्यातल्या वर्णनाच्या ओळीत ‘रिटेल’ असेल तर परवाना सहसा हलवता येतो; ‘ओईएम’ असेल तर तो त्या मशिनसोबतच संपतो. त्याच चौकटीत कीची शेवटची पाच अक्षरे दिसतात. ती बिलासोबत लिहून ठेवावीत, कारण घरात दोन-तीन की असल्या की कोणती कुठे वापरली हे नंतर आठवत नाही.

इतर अनेक प्रोग्रॅममध्ये ‘डीअॅक्टिव्हेट’चे, म्हणजे परवाना त्या संगणकावरून सोडवण्याचे, बटण प्रोग्रॅमच्या आतच असते, आणि घोटाळा इथेच होतो. संगणक सुरूच होत नसेल तर ते दाबायचे कसे? डिस्क फॉरमॅट केली तरी परवान्यातली त्या संगणकाची जागा सर्व्हरच्या नोंदीत अडलेलीच राहते आणि नव्या संगणकावर ‘मर्यादा संपली’ असा संदेश येतो. डिस्कची हुबेहूब प्रत नव्या मशिनवर चढवूनही सुटका नाही. मदरबोर्ड, नेटवर्क कार्ड यांच्या क्रमांकांवरून बनवलेली ओळख जुळत नाही आणि परवाना नाकारला जातो. म्हणून जुने मशिन चालू आहे तोवर आधी डीअॅक्टिव्हेट करा, कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जागा मोकळी झाल्याचे पाहा, फॉरमॅट त्यानंतरच. खरेदीचे बिल आणि नोंदणीचा ईमेल जपून ठेवा. मशिन मेल्यावर ग्राहक सेवेला दाखवायला हाताशी तेवढेच उरते.

परवाना दुसऱ्याला विकायचा असेल तर प्रश्न आणखी किचकट होतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात सांगितले, की मुदतीचे बंधन नसलेला परवाना, डाउनलोड केलेला असला तरी, पुढे विकता येतो. मात्र विकणाऱ्याने आपली प्रत निकामी केली पाहिजे. अमेरिकेत मात्र २०१० मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात अपील न्यायालयाने पुनर्विक्रीला मनाई करणाऱ्या कंपनीच्या कराराची बाजू घेतली.

सर्व्हरच बंद झाला तर हा सगळा हक्क कागदावरच राहतो. अॅडोबीने सीएस२ चा (फोटोशॉप वगैरे प्रोग्रॅमच्या जुन्या संचाचा) अॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी अॅक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती दिली. हे प्रत्येक कंपनीने आधीच करारात लिहून द्यावे. बंद पडलेल्या संगणकाची जागा ग्राहकाला स्वतःच्या खात्यातून, दुसऱ्या कोणत्याही मशिनवरून मोकळी करता आली पाहिजे. आणि परवाना किती वेळा, किती दिवसांनी हलवता येईल, हे करारातल्या विसाव्या कलमात न दडवता पैसे भरण्याच्या पानावर, किमतीच्या शेजारी छापावे.

— एक संगणक तंत्रज्ञ