हर्णैहून संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : बीएमपीच्या जागी नवी गाडी कधी?

प्रति,
माननीय श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

साहेब, स. न. वि. वि.

मी हर्णै बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याआधी 1988 ते 2012 अशी चोवीस वर्षं लष्कराच्या ईएमईमध्ये होतो, म्हणजे गाड्या, तोफा, रणगाडे दुरुस्त करणाऱ्या शाखेत. हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली बहुतेक वर्षं बीएमपी या चिलखती गाडीच्या इंजिनाशी झटण्यात गेली. हे पत्र त्या गाडीबद्दल आहे.

यंदा शिमग्याला आमच्या वाडीतला एक मुलगा सुट्टीवर आला होता. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळात, ड्रायव्हर आहे. पालखी घरोघर फिरून झाली, पोरं पांगली, तेव्हा तो माझ्या पडवीत येऊन बसला. गाडीचा फोटो दाखवायची परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. मग थंडीत सकाळी गाडी सुरू करताना ती कसा आवाज काढते, ते त्याने तोंडाने करून दाखवलं. मी म्हटलं, "इंधनाच्या लाइनीत हवा धरतेय रे." तो हसला. म्हणाला, "काका, गाडी तुमच्याच वेळची हाय." मी साल विचारलं. 1991. तो स्वतः 2003 सालचा.

तो घरी गेला आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

हे पत्र आमच्याकडची माणसंही वाचतील, म्हणून गाडीबद्दल थोडं सांगतो. बीएमपी हा रणगाडा नव्हे. रणगाड्याच्या बरोबरीने पायदळाला लढाईत घेऊन जाणारी ही चिलखती गाडी. तिच्यात चालक, तोफ चालवणारा आणि कमांडर असे तिघे, आणि मागे सात जवान. वजन साधारण 14 टन, वर 30 मिलिमीटरची तोफ आणि रणगाडा फोडणारं क्षेपणास्त्र. मूळ नमुना रशियाचा. आपल्याकडे 1987 पासून मेदकच्या आयुध निर्माणीत ती बनू लागली आणि तिला 'सारथ' हे नाव मिळालं. त्या काळी ती फार चांगली गाडी होती, हे मी शपथेवर सांगेन. हलकी, चपळ, वाळूत न रुतणारी, आणि पाण्यात पोहणारी.

पण आत बसून बघा साहेब. जवान एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि त्यांच्या पाठींच्या मधे इंधनाची टाकी असते. मागचे दोन दरवाजे, ज्यांतून उतरायचं, तेही पोकळ आणि तेही इंधनाचेच. पुढचं चिलखत जाड आहे, पण बाजूचा पत्रा बंदुकीची गोळी आणि तोफगोळ्याची किरचं अडवण्यापुरताच. मे महिन्यात वाळवंटात आतला लोखंडी भाग हाताला चटका देतो. चाळीस वर्षांपूर्वी युद्धाचं जे चित्र होतं, त्यात हे चालून जात होतं. आज युक्रेनच्या मैदानात काय चाललंय ते शेंबडं पोरही मोबाइलवर बघतं. काही हजार रुपयांचं उडतं यंत्र वरून येतं आणि गाडीच्या छपरावर, जिथे पत्रा सगळ्यात पातळ, तिथे आदळतं. तिथे याच घराण्यातल्या बीएमपी जळताना मी पाहिल्यात. प्रत्येक वेळी माझी नजर मागच्या दरवाजाकडे जाते. कोणी उतरलं का?

एक आठवण सांगतो. कालव्यात गाड्या पोहवण्याचा सराव होता. सीओ साहेब, म्हणजे आमचे कमांडिंग ऑफिसर, म्हणाले, "कोकणवाले को बुलाओ, पानी वही समझेगा." मी होडीच्या फळ्यांची सांध जशी बोटाने चाचपतात, तसे दरवाजांचे रबरी सील चाचपले. एका गाडीचं सील वाळून कडक झालं होतं. त्या गाडीला पाण्यात सोडायचं नाही, असं मी सांगितलं आणि साहेबांनी ऐकलं. नव्या सीलची मागणी पाठवली. रबराची एक पट्टी ती. ती यायला अकरा महिने लागले. मधल्या काळात आम्ही दुसऱ्या गाडीचं सील काढून हिला बसवलं, म्हणजे एकीला चालती करताना दुसरी बसवून ठेवली. दोष मी कोणा एका कारखान्याला देत नाही. जुन्या गाडीचं असंच होतं. सुटे भाग बनवणारे कमी होतात, साचे झिजतात आणि ज्यांच्या हाताला त्याचं वळण होतं ती माणसं निवृत्त होतात. होडी जुनी झाली की आम्हीही फळी बदलतो. पण एक दिवस असा येतो की खिळा धरायला लाकूडच उरत नाही. तेव्हा तांडेल नवी होडी बांधायला घेतो आणि ती तयार होईपर्यंत जुनी जपून चालवतो. जुनी बुडाल्यावर नवीचा विचार करत नाही.

आपल्याकडे नवीचा विचार झाला नाही असं नाही. झाला, आणि पुनःपुन्हा झाला, हेच दुखतं. 2010 मध्ये भविष्यातल्या पायदळ लढाऊ गाडीसाठी कंपन्यांना बोलावणं गेलं. 2012 मध्ये ते सगळं रद्द झालं. 2016 मध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जून 2021 मध्ये पुन्हा नव्याने माहिती मागवली, 1,750 गाड्यांसाठी. दरम्यान जुनीची गरज भागेना, म्हणून जून 2020 मध्ये सुधारित बीएमपी-2 च्याच आणखी 156 गाड्या सुमारे 1,094 कोटी रुपयांना मागवाव्या लागल्या. त्या मागवल्या ते योग्यच, कारण पलटणीला गाडी हवी होती. पण नवी वेळेत आली असती, तर हेच पैसे नवीत गेले असते.

आम्हा कोकणवाल्यांना रखडणं म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गाने आम्हाला ते शिकवलंय. एका पिढीची पोरं शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली, रस्ता तसाच. रस्ता रखडला तर माणूस दोन तास उशिरा घरी पोचतो. ही गाडी रखडली तर काय होईल, ते मला इथे लिहायचं नाही.

साधा हिशेब मांडतो. समजा आज करार झाला आणि वर्षाला 100 गाड्या बाहेर पडू लागल्या, तरी 1,750 गाड्यांना साडेसतरा वर्षं लागतील. म्हणजे शेवटची बीएमपी 2040 नंतरही उभी असेल. त्या मुलाची पेन्शन सुरू होईल, तरी त्याच्या जागी आलेला पोरगा कदाचित त्याच गाडीत बसलेला असेल. म्हणून या फाइलीचं एक वर्ष म्हणजे एकच वर्ष नसतं.

आपण काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. आपल्याच अध्यक्षतेखाली 3 सप्टेंबर 2024 रोजी संरक्षण खरेदी परिषदेने जुन्या टी-72 रणगाड्याची जागा घेणाऱ्या नव्या रणगाड्याला मंजुरी दिली. मार्च 2025 मध्ये टी-72 च्या 780 अश्वशक्तीच्या जागी 1,000 अश्वशक्तीचं इंजिन घेण्याचा 24 कोटी 80 लाख डॉलर्सचा करार झाला आणि त्यात चेन्नईजवळच्या अवाडी इथल्या रणगाडा कारखान्याला तंत्रज्ञान देण्याची तरतूद आहे. 25 टनांचा झोरावर हा हलका रणगाडा हजीऱ्यात तयार झाला, वाळवंटात चालला, लडाखच्या उंचीवर तोफ डागून आला. ही बातमी वाचली त्या दिवशी मी बंदरावर पेढे वाटले होते. तरी टी-72 चं नवं इंजिनसुद्धा आलं ते मूळ रशियाच्याच दारातून. आणि या सगळ्यात रणगाड्याच्या मागोमाग जाणारा पायदळाचा जवान मात्र जुन्याच गाडीत राहिला. रणगाडा नवा आणि सोबतची गाडी जुनी, ही जोडी चालत नाही. एकाने पुढे जायचं आणि दुसऱ्याने धापा टाकायच्या, मग रणगाडा एकटा पडतो. एकटा रणगाडा किती टिकतो, ते युक्रेनने दाखवलंय.

आपल्याला गाडी बनवता येत नाही, हे तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या लष्करी गाड्यांच्या सरकारी संशोधन संस्थेने टाटांबरोबर आठ चाकांची चिलखती गाडी तयार केली. ती मोरोक्कोच्या सैन्याला आवडली आणि सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या बेर्रेचिद गावी तिच्या कारखान्याचं उद्घाटन आपण स्वतः केलंत. ज्या अहिल्यानगरात मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे, चिलखती दलाचं केंद्र आहे, जिथे आमच्यासारख्या हजारोंनी पहिल्यांदा ट्रॅकवरच्या गाडीत पाय ठेवला, त्याच गावच्या संशोधकांची ही गाडी परदेशात जाते. मग पट्ट्यावर चालणारी, लढाईत उतरवणारी गाडी आपल्याच जवानाला द्यायला इतकी वर्षं का?

माझ्या समजुतीप्रमाणे घोडं अडतं ते मागण्यांच्या यादीत. गाडी पोहली पाहिजे, म्हणजे हलकी हवी. वरून येणाऱ्या ड्रोनला आणि खालच्या सुरुंगाला तोंड दिलं पाहिजे, म्हणजे जड हवी. लडाखच्या विरळ हवेत चढली पाहिजे, म्हणजे इंजिन दांडगं हवं. विमानात मावली पाहिजे. आणि सगळं एकाच गाडीत, पहिल्याच दिवशी. साहेब, खाडीत शिरायला उथळ तळाची होडी लागते आणि खोल समुद्रात जायला ट्रॉलर लागतो. दोन्ही कामं करणारी होडी आमच्या किनाऱ्यावर अजून कोणी बांधली नाही. माझं मत विचाराल तर जवानाचा जीव आधी, पोहणं नंतर. ज्या पलटणींना नद्या-कालवे ओलांडायचे आहेत किंवा नौदलाच्या ऐरावत, केसरी, शार्दूलसारख्या जहाजांतून किनाऱ्यावर उतरायचं आहे, त्यांच्यापुरती पोहणारी आवृत्ती ठेवा. पण ती खऱ्या समुद्रात, लाटांत, खाऱ्या पाण्यात तपासा. लोखंडाला खारं पाणी काय करतं, ते आम्ही रोज बघतो. पाण्याला कोणीही गृहीत धरू नये. जून 2024 मध्ये लडाखमध्ये श्योक नदीचं पाणी रात्री अचानक वाढलं आणि सरावातल्या टी-72 मधले आपले पाच जवान गेले. त्या आठवड्यात आमच्या वाडीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पाण्यात गेलेला माणूस म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

दुसरी गोष्ट इंजिनाची. मी इंजिनवाला, म्हणून यावर जास्त बोलतो, माफ करा. आपल्या अर्जुन रणगाड्याचं चिलखत आपलं, तोफ आपली, पण इंजिन जर्मनीचं. सप्टेंबर 2021 मध्ये 118 अर्जुन मार्क-1ए ची ऑर्डर निघाली, 7,523 कोटींची. एवढी मोठी ऑर्डर, आणि गाडीचं काळीज मात्र दुसऱ्या देशाच्या हातात. मार्च 2024 मध्ये मैसूरला बीईएमएल या सरकारी कंपनीत रणगाड्यासाठीचं 1,500 अश्वशक्तीचं आपलं इंजिन पहिल्यांदा चाचणीसाठी सुरू झालं, हे मी कौतुकाने वाचलं. तसंच काम पायदळाच्या गाडीच्या इंजिनासाठी आजपासून सुरू करा, गाडी ठरल्यावर नव्हे. पत्र्याला छिद्र पडलं तर वर्कशॉपमध्ये वेल्डिंग होतं. इंजिनाचा पंप गेला आणि तो परदेशातून यायचा असला, तर गाडी म्हणजे नुसतं लोखंडाचं घर. आणि सुटे भाग गाडीबरोबरच ठरवा. पहिल्या करारातच पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचे भाग कोण, कुठे बनवणार ते लिहून घ्या. आमच्याकडच्या आयटीआयतून दरवर्षी पोरं बाहेर पडतात आणि मुंबईचा रस्ता धरतात. रबराचं सील, ट्रॅकची पिन, फिल्टर हे बनवायला दिल्ली लागत नाही.

कोणी म्हणेल, कोकणातल्या माणसाचा आणि रणगाड्याचा काय संबंध? तर एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या आपल्या रणगाड्यांपुढचे सुरुंग आणि अडथळे ज्या माणसाने गोळीबारात दूर केले, तो राम राघोबा राणे याच किनाऱ्याचा, कारवारजवळच्या चेंडियाचा. चालत्या रणगाड्याखाली रांगत जाऊन दोरीने चालकाला खुणा करणारा हा माणूस परमवीरचक्र मिळवून जिवंत परतला. आमच्या दापोलीला जुनी माणसं अजून काप-दापोली म्हणतात, इंग्रजांच्या काळातल्या लष्करी कॅम्पवरून. खेड, मंडणगड, चिपळूणच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं पलटणीत जातात. मनीऑर्डर इथे यायच्या, आणि कधी कधी तार यायची.

म्हणून मागतो ते एवढंच. या गाडीसाठी आता मागण्या बदलू नका. जे आज बनतं त्याचा पहिला टप्पा मंजूर करा, सुधारणा दुसऱ्या टप्प्यात घ्या. करार कधी, पहिली गाडी कधी, पहिली पलटण पूर्ण कधी, या तीन तारखा संसदेत सांगा आणि दर अधिवेशनात त्यांचा हिशेब द्या. तोवर ज्या बीएमपी उभ्या आहेत त्यांना रात्री नीट दिसणारी दुर्बीण, ड्रोनपासून आडोसा आणि नवे सील द्या. त्या गाड्यांत आज, या क्षणी माणसं बसलेली आहेत.

तो मुलगा परवा परत गेला. आईने त्याच्या पिशवीत कोकम, सुकट आणि घरची पोहे-चटणी भरली. मी नोकरीत असताना एक वही ठेवली होती. थंडीत गाडी कशी सुरू करावी, लाइनीतली हवा कशी काढावी, कुठला वॉशर आधी जातो, असल्या नोंदी. गुप्त त्यात काही नाही. जाताना त्याने त्यातल्या चार पानांचे मोबाइलवर फोटो काढून नेले. वरची तारीख 1998 ची आहे. एसटी सुटताना त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, "काका, उपयोगी पडलं की फोन करतो." साहेब, तो फोन येऊ नये असं मला वाटतं, आणि ते तुमच्या हातात आहे.

आपला,
ईएमईचा एक निवृत्त हवालदार
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी