नकाशावरचे ठिपके आणि इथली तिजोरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या काकूंकडे एक विमा एजंट आला होता. मी 34 वर्षं क्लेमच्या टेबलावर काढलेला माणूस, म्हणून त्यांनी मलाही बोलावलं. चकचकीत फोल्डरवर जगाचा नकाशा, त्यावर लाल ठिपके. “काका, एवढ्या देशांत ग्रुप आहे, पैसे बुडायचा प्रश्नच नाही!” मी म्हटलं, ठिपके राहू दे, इथल्या कंपनीचा सॉल्व्हन्सी रेशो सांग. पोराने पेन खिशात घातलं.

हा रेशो म्हणजे देणी भागवायला ठरवून दिलेल्या राखीव भांडवलाच्या किती पट भांडवल कंपनीकडे आहे ते; आपल्याकडे तो किमान 1.5 लागतो. कंपनीच्या वेबसाइटवर तो असतो, पण इंग्रजी तक्त्यांच्या पोटात, आणि तो फक्त भारतातल्या कंपनीचा. बाहेरचा ग्रुप कितीही गब्बर असो, त्याच्या तिजोरीची किल्ली बडोद्याच्या क्लेमला लागेलच असं नाही.

उलटही घडतं, ग्रुपच बुडायला येतो. 2008 मध्ये एआयजी या अमेरिकन विमा ग्रुपच्या विमा कंपन्यांवर अमेरिकेतले राज्याराज्यांचे नियामक नजर ठेवून होते. खड्डा पडला तो लंडनहून चालणाऱ्या एका विभागात, कर्जबुडीच्या हमीच्या सौद्यांत. सप्टेंबरात 85 अब्ज डॉलरचं सरकारी कर्ज द्यावं लागलं. त्यातून शहाणपण आलं, पण बेताबेतानं. अख्ख्या ग्रुपचं भांडवल एकाच मापाने मोजायचं, हे बाझलच्या विमा पर्यवेक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मंजूर केलं डिसेंबर 2024 मध्ये. दोनशे वर्षांत एखाद्या वेळी बसेल एवढा फटका ग्रुपला वर्षभरात सोसता यावा, हे ते माप. बंधन मात्र प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात आणलं तरच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. अकोट्यात भाच्याच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे फुगून कपाटं फाटली होती. सर्व्हेअरने भिंतीवरची गाळाची रेघ टेपने मोजली आणि म्हणाला, आजचं हे अकरावं दुकान. सगळ्यांचे क्लेम एकदमच येतात, भांडवल लागतं ते तेव्हा.

म्हणून आपल्या विमा नियामकाकडे एवढंच मागणं: ग्रुपच्या नावावर पॉलिसी विकायची असेल, तर प्रपोजल फॉर्मच्या पहिल्याच पानावर दोन आकडे ठळक छापा, इथल्या कंपनीचा आणि ग्रुपचा. इथे गुजरातीत नि मराठीत.

एजंट “विचारून सांगतो” म्हणून गेला. काकूंनी फॉर्म फ्रिजवर ठेवलाय, सही न करता.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी, बडोदा