घरच्या घरी उपशामक सेवेतील त्रुटीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ११ जूनच्या रात्री डॉक्टर न मिळणे, न मागता पाठवलेली रुग्णवाहिका आणि पैशांचा परतावा

महोदय,

माझे वडील (वय ७६, स्वादुपिंडाचा कर्करोग) ३ जूनपासून तुमच्या पॅलिएटिव्ह होमकेअर पॅकेजवर, म्हणजे आजार बरा करण्यासाठी नव्हे तर त्रास कमी करण्यासाठी घरी मिळणाऱ्या उपशामक सेवेवर होते. पंधरा दिवसांचे ३०,००० रुपये आम्ही आगाऊ भरले होते. १२ जूनला पहाटे बाबा गेले.

दिवसा येणाऱ्या सिस्टरांबद्दल तक्रार नाही, उलट त्यांचे आभार. त्यांनीच कपाटावर तक्ता चिकटवला: मॉर्फिनची (तीव्र वेदनाशामक) गोळी सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री बाबांना उठवायला नको. शौचाला अडू नये म्हणून सोबत रेचक. आठवडाभर बाबा चहात बिस्कीट बुडवून खात होते. या पत्राची झळ सिस्टरांना लागू देऊ नका.

११ तारखेला रात्री दहाची गोळी त्यांना गिळताच आली नाही, लाळेबरोबर ओघळून गेली. साडेअकराला ते चादरीचा कोपरा मुठीत पिळत होते. तुमच्या पत्रकावर ‘२४ तास डॉक्टर’ असं ठळक छापलंय. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वेगळा माणूस, आणि प्रत्येकाला आजारापासून सगळं पुन्हा सांगायचं. मागत होते ते त्वचेखाली द्यायचं इंजेक्शन. उत्तर आलं, डॉक्टर सकाळी नऊनंतर. आणि मॉर्फिनचं इंजेक्शन आम्ही ठेवत नाही, कायदा आहे. अमली पदार्थांचा तो कायदा २०१४ साली बदलला, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिन ठेवता येतं. तुमच्याकडे ती मान्यता नसेल तर पैसे घेतानाच सांगायचं होतं.

दीड वाजता बेल वाजली. दोन मुलं स्ट्रेचर घेऊन तीन जिने चढून आली होती. रुग्णवाहिका आम्ही मागवलीच नव्हती. पहिल्या भेटीत बाबांनी तुमच्याच फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, ‘मला रुग्णालयात हलवायचं नाही.’ तो फॉर्म रात्रपाळीला दिसतच नाही, हे मला त्या मुलांकडून कळलं. बाबांनी डोळे उघडून स्ट्रेचरकडे पाहिलं. तेवढी शुद्ध त्यांना होती.

शेवटी सोसायटीतल्या निवृत्त डॉक्टरकाकांना उठवलं. त्यांनी गोळी चुरून, थेंबभर पाण्यात कालवून गालाच्या आतून लावायला सांगितली. तासाभराने मूठ सैल झाली. एवढं तुमच्या माणसाला फोनवर सांगता आलं नसतं?

बाबा ५.१० ला गेले. मृत्यूच्या कारणाचा दाखला तुमच्या डॉक्टरांनी द्यायचा, असं करारात आहे. तो साडेअकराला हातात पडला. तोवर स्मशानाचा पास निघेना आणि नातेवाईक जिन्यात उभे.

माझ्या मागण्या: न वापरलेल्या सहा दिवसांचे १२,००० रुपये आणि बिलात लावलेले रुग्णवाहिकेचे ४,२०० रुपये परत करा. रुग्णाने लिहून दिलेली इच्छा रात्री फोन उचलणाऱ्याच्या समोर असेल अशी सोय करा आणि केल्याचं मला लेखी कळवा. ती होईपर्यंत पत्रकावरचं ‘२४ तास’ काढा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाईन. कराराची प्रत, बिल आणि तिन्ही फोनच्या वेळा सोबत जोडल्या आहेत.

आपली,
रुग्णाची मुलगी
कोथरूड, पुणे