कंट्रोल पेशंटच्याच स्लाइडवर लावा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे शरीरातून काढलेल्या गाठी-तुकड्यांच्या तपासणीचा, टेक्निशियन आहे. फॉर्मॅलिनमधून आलेल्या गाठीचा मेणाचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर ४ मायक्रॉनचे काप काढायचे हे आमचं रोजचं काम, आपल्याकडं मे महिन्यात तर ब्लॉक बर्फावर ठेवल्याशिवाय कापांची धड सलग पट्टी (रिबन) येत नाही. पण मला लिहायचंय ते पुढच्या आयएचसी स्टेनिंगबद्दल, म्हणजे अँटिबॉडी लावून पेशींतलं ठरावीक प्रोटीन रंगवून बघायच्या टेस्टबद्दल.

आधीच्या लॅबमध्ये कंट्रोलची (टेस्ट नीट झाली का ते बघायला सोबत रंगवलेल्या, निकाल आधीच माहीत असलेल्या नमुन्याची) स्लाइड वेगळी असायची. एका विडी कामगार ताईंच्या स्तनाच्या गाठीची ईआर टेस्ट (गाठीत इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर आहे का ते बघायची; असला तर तपकिरी रंग येतो) होती, कंट्रोल मस्त तपकिरी आला आणि ताईंची स्लाइड निळीच. रिपोर्ट निगेटिव्ह जाणारच होता पण आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दिसलं की गाठीशेजारच्या दुधाच्या चांगल्या नळ्यासुद्धा पूर्ण निळ्या आहेत, तिथं थोडा तरी रंग यायलाच पाहिजे होता. परत लावली, पॉझिटिव्ह. बहुतेक अँटिबॉडी त्या स्लाइडवरून ओघळून गेली असणार. निगेटिव्ह गेला असता तर ताईंच्या हार्मोनच्या गोळ्या, ज्या किमान ५ वर्षं घ्यायच्या असतात, त्या सुरूच झाल्या नसत्या. मला अजून ती स्लाइड डोळ्यासमोर दिसते.

म्हणून कंट्रोलचा काप पेशंटच्याच स्लाइडवर हवा. त्यासाठी मल्टी-टिश्यू ब्लॉक करता येतो. बॅटिफोरा या पॅथॉलॉजिस्टनी १९८६ मध्येच बरेच नमुने एका ब्लॉकमध्ये बसवून दाखवले, १९९८ मध्ये ०.६ मिमीच्या सुईनं एका ब्लॉकमध्ये शेकडो नमुने बसवायची पद्धत आली. तिचं मशीन महाग असतं, पण कंट्रोलपुरतं ३ मिमीच्या स्किन पंचनं (कातडीचा गोल तुकडा काढायच्या साधनानं) भागतं: डॉक्टरांनी एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर खूण केलेल्या जागेतून जुन्या ब्लॉकचा पंच घ्यायचा, ईआर पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, टॉन्सिल असे तुकडे साच्यात एका पातळीत उभे करायचे, वर वितळलेलं मेण ओतायचं आणि एका कोपऱ्यात लिव्हरचा तुकडा घालायचाच, नाहीतर काप उलटा पडला की कुठला तुकडा कुणाचा ते कळत नाही. एवढ्याशा तुकड्यावरून पेशंटचं निदान मात्र करू नये, गाठ सगळीकडं सारखी नसते.

आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजनं पुढाकार घेऊन, रीतसर परवानगीनं, नावं काढून असे ब्लॉक करावेत आणि त्यांचे काप शहरातल्या छोट्या लॅबना द्यावेत ही कळकळीची विनंती. पंच मारायला, ब्लॉक बसवायला मी सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहे.

— एक लॅब टेक्निशियन, सोलापूर