लसीच्या रांगेत आईलाही विचारा

संपादक महोदय,

दीड महिन्याचे बाळ घेऊन आई लसीसाठी पालिकेच्या हेल्थ पोस्टवर येते. बाळाचे वजन होते, सुई टोचली जाते, ताप आला तर काय द्यायचे ते सांगून पुढची तारीख कार्डावर पडते. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला तीच आई पुन्हा येते. 'बाळ दूध ओढतंय ना?' हे दर खेपेला विचारले जाते. 'तुला झोप लागते का? बाळाला जवळ घ्यावंसं वाटतं का?' हे विचारलेले मी क्वचितच ऐकले, आणि माझी नोकरी पालिकेच्या प्रसूतिगृहातच झाली.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येते, ते दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही राहिले तर डॉक्टरांना दाखवायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली आलेल्या आढाव्यात भारतातल्या बाळंतिणींमधील नैराश्याचे प्रमाण २२ टक्के होते. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, मालीशवाली यांत आपण काही कमी करत नाही. पण 'बाळाकडे बघून काहीच वाटत नाही' असे सून म्हणाली, की मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात, नाहीतर 'आम्ही नाही का चार पोरं वाढवली?' हे ऐकावे लागते. ती पोरे चाळीत सगळ्या मजल्याने मिळून वाढवली होती! आता टॉवरच्या पंधराव्या मजल्यावर, नवरा सकाळच्या लोकलला गेला की रात्रीपर्यंत ती आणि बाळ.

माया सगळ्यांनाच पहिल्या दिवशी फुटत नाही. काहींना महिनाही लागतो. नैराश्यात मात्र आईचे बाळाशी बोलणे, हसणे कमी होते, बाळही तिच्याकडे कमी बघू लागते, आणि तिला वाटते, याला मी नकोच आहे. उपचारांनी हे सुधारते. अंगावर पाजताना चालणारी औषधेही आहेत. गोळी सुरू झाली म्हणून दूध तोडायला लावणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बाळंतिणीचे नैराश्य ओळखायला १९८७ सालची एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरतात; लसीच्या दिवशी तीच विचारा. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांपुरते. दहावा जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांबद्दल. त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरे उत्तर आले, तर त्याच दिवशी डॉक्टर. आरोग्य सेविकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून या कामाचे वेगळे पैसे द्या. आणि सासूसमोर विचारू नका, तिला बाळ घेऊन बाहेर बसवा.

नुसते विचारून सोडणे तर न विचारण्याहून वाईट. केईएम, शीव, नायर, कूपर येथे मानसोपचार विभाग आहेत; चिठ्ठीवर ओपीडीचा वार लिहून द्या. दाखल करायची वेळ आली, तर तीन वर्षांखालचे मूल सहसा आईपासून तोडू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई-बाळाचा एकत्र कक्ष २००९ पासून आहे. आईच्या दुधाची आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये पालिकेच्याच शीव रुग्णालयात उभी राहिली. त्या पालिकेला प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आई-बाळाच्या अशा चार खाटा जड जाऊ नयेत.

तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक तरी बाळाच्या कार्डावर टाका. नवी कार्डे छापून येण्याची वाट कशाला, रबरी शिक्काही चालेल.

— एक निवृत्त परिचारिका, विक्रोळी (पूर्व), मुंबई